मुठीचं माप

प्रिय लीटा,

परवा फोनवर तू दोनदा विचारलंस, "पपा, काही झालंय का?" आणि मी दोन्ही वेळा तुला हवापाण्याचं सांगत बसलो. झालंय, पण घाबरण्यासारखं नाही. ओढा ओलांडताना आपल्या बिशप खेचराचा पाय घसरला, मी खाली आलो, आणि माझ्याबरोबर कमरेचं रिव्हॉल्वरही दगडावर आपटलं. मला थोडं खरचटलंय, बस. तेव्हा लगेच गाडी काढून निघू नकोस. रिव्हॉल्वरची मूठ मात्र फुटली. डाव्या बाजूची अक्रोडाची पट्टी स्क्रूपासून खालपर्यंत उकलली. अक्षर वाकडं दिसेल, तिकडे लक्ष देऊ नकोस, हे पेन दळभद्री आहे.

आता मूठ फुटली तर नवी बसवावी आणि गप्प राहावं, एवढी साधी गोष्ट. पण या साध्या गोष्टीने माझं डोकं असं भंजाळलंय की काल बिशपचे ओट्स मी कुत्र्यापुढे ओतले. ते बिचारं माझ्या तोंडाकडे बघत बसलं. सध्या मुठीला काळी चिकटपट्टी गुंडाळून, सापांसाठी ते कमरेला लावून कुंपणाला जातो. ओढ्यापलीकडच्या व्हर्नाने ते पाहिलं आणि म्हणाली, "हार्लन, हे रिव्हॉल्वर आहे की गळका नळ?" तुला व्हर्ना माहीत आहे. नवरा गेल्यापासून तिला टोमणे मारायला माणूस उरलं नाही, म्हणून माझा नंबर लागतो. मी म्हटलं, अगं, रोज वापरायची वस्तू आहे, दिसायला कशीही चालेल. तर म्हणते, "तुझ्याकडची प्रत्येक वस्तू दिसायला कशीही चालते, त्यात तूही आलास." अगदी तुझ्या आईसारखं बोलली. नेल म्हणायची ना, "हार्लन, मरायच्या आत एक तरी गोष्ट अशी घे, की बघणारा म्हणेल, वा!" ते आठवलं आणि तिथेच घात झाला. मी ऑर्व्हिलकडे गेलो.

ऑर्व्हिल म्हणजे दाणागोट्याच्या दुकानामागे मुठी घडवतो तो. तू लहान असताना तुला शिंगाची शिट्टी करून दिली होती त्याने. त्याने माझ्यापुढे एक लाकडी तबक ठेवलं, आणि लीटा, काय सांगू! शिंपल्याच्या पट्ट्या, मेंढ्याच्या शिंगाच्या, जिराफाच्या हाडाच्या, अलास्कात बर्फाखालून निघालेल्या जुन्या केसाळ हत्तीच्या दाताच्या, अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटातल्या लोहकाष्ठाच्या. एक सांबरशिंगाची जोडी होती. ती थेट हिंदुस्थानातल्या जंगलातली, तिकडे आता विकायला बंदी आहे म्हणून जुनी उरलेली तेवढीच. मी आयुष्यभर अक्रोडाच्या पलीकडे पाहिलं नव्हतं. मिठाईच्या दुकानात मूल उभं करावं तसा उभा राहिलो.

पहिल्यांदा मन शिंपल्यावर गेलं. उन्हात धरली की आतून निळी-गुलाबी दिसते. ऑर्व्हिल म्हणाला, "रविवारी मेजवानीला कमरेला लावून मिरवायची असेल तर घे. रोज काटेरी तारा ओढायच्या, पावसात भिजायचं, तर ओल्या हातातून साबणासारखी निसटेल, आणि एकदा दगडावर पडली की टवके." म्हणजे नाकापेक्षा मोती जड. ठेवली खाली. मग हत्तीचा दात. काय तो रंग, दुधात चहा पडावा तसा! पण आपल्या कोरड्या हवेत, उणे तीस थंडीत तो उभा चिरतो म्हणे. हजारो वर्षं बर्फात टिकला आणि माझ्या कमरेला एक हिवाळा टिकणार नाही, याला काय म्हणावं? मेंढ्याचं शिंग आवडलं, तर ते दमट हवेत फुगतं आणि कोरड्यात आकसतं. जिराफाचं हाड टिकाऊ आहे, पण ऑर्व्हिलने ते निळं रंगवलंय, आणि निळी मूठ घेऊन मी खाटिकखान्यात गेलो तर लोक पुढची दहा वर्षं मला सोडणार नाहीत. उरलं लोहकाष्ठ आणि सांबरशिंग. लोहकाष्ठ तेलकट, जड, पाण्याला न जुमानणारं. सांबरशिंग वरून खडबडीत, ओल्या हातालाही धरून ठेवणारं. मी एकदा हे उचलतो, एकदा ते. ऑर्व्हिल म्हणाला, "लेका, तू नेलला लग्नाचं विचारायलाही इतका वेळ घेतला होतास का?" मी म्हटलं, तिनेच विचारलं होतं.

दोन्ही पट्ट्या खिशात घालून घरी आणल्या, वापरून बघायला. व्हर्ना म्हणाली शिंग. खाटीक म्हणाला लोहकाष्ठ. पोस्टातली बाई म्हणाली, दोन्ही नको, रबर घ्या, तिचा भाऊ रबर वापरतो. ऐकावं जनाचं करावं मनाचं म्हणतात, पण मनाला स्वतःला काही ठाऊक हवं ना! शिंग लावून पाहिलं, तर हातात नीट बसेना. लोहकाष्ठ लावलं, तेही बसेना. पुन्हा शिंग. स्क्रू काढून घालून त्याची खाच झिजली. आणि तो स्क्रू एवढासा, दर वेळी हातातून पडायचा, मग मी गुडघ्यावर बसून जमीन चाचपायची.

तू म्हणशील, इतकी घाई कसली? घाई जुनिपरची आहे. फोनवर मी "घोडी ठीक आहे" म्हणालो, ते अर्धं खरं होतं. एकोणतीस वर्षांची झाली ती. तू दातांची डॉक्टर, तर तुझ्याच धंद्यातली गोष्ट सांगतो, दात गेले तिचे. गवत चघळते आणि गोळा करून थुंकते. भिजवलेला चारा देतो, तो खाते, पण अंगी लागत नाही. कंबरेची हाडं वर आली आहेत, आणि सकाळी उठताना तीन-तीनदा प्रयत्न करते. डोळे मात्र अजून तसेच आहेत. आणि बादलीत ओट्स खुळखुळले की कान टवकारून मान वर करते, तू नऊ वर्षांची असताना करायची तशीच. ती हा हिवाळा काढणार नाही, लीटा. बर्फात पडून, कोल्ह्यांच्या आवाजात रात्र काढून ती जावी असं मला होऊ द्यायचं नाही. पहिला बर्फ पडायच्या आत तिला सोडवायला हवं, आणि डोंगरमाथा आताच पांढरा दिसायला लागलाय.

आपल्याकडची रीत तुला मी शिकवली आहे. ज्याने घोडा वाढवला, त्यानेच त्याला एका गोळीत सोडवायचं, शेजाऱ्याच्या गळ्यात ते काम घालायचं नाही. जुनिपर तू वाढवलीस. पण तू पोर्टलँडला शिकायला निघालीस तेव्हा तिच्या मानेत तोंड खुपसून रडलीस, आणि मी तुला शब्द दिला की तिची वेळ आली तर ते मी करीन, तुला बोलावणार नाही. तू मान हलवली होतीस. म्हणून मला मूठ धड हवी होती. काम नीट व्हावं, एवढंच डोक्यात होतं.

तर परत ऑर्व्हिलकडे गेलो. म्हटलं, बाबा रे, तुझ्या दोन्ही पट्ट्या हातात बसत नाहीत, काहीतरी चुकतंय. तो म्हणाला, "मग हाताचं मापच घेऊ, ते आधीच घ्यायला हवं होतं." त्याची पद्धत तुला आठवत असेल. जाड कागदावर पंजा ठेवायचा आणि दुसऱ्या हाताने, पेन्सिल उभी धरून, आपली आपणच भोवती रेघ काढायची. मी काढली. झाल्यावर दोघांनी कागद पाहिला. ती माणसाच्या हाताची रेघ नव्हती, लीटा. करवतीच्या दात्यांसारखी होती. ऑर्व्हिलने दुसरा कागद काढला, माझी पेन्सिल घेऊन त्याने स्वतः रेघ काढली. पुन्हा तेच, कारण आता कागदावर टेकवलेला पंजाच हलत होता. मग तो उठला आणि आम्हा दोघांसाठी कॉफी ओतून आणली. माझ्या पेल्यात त्याने अर्धीच ओतली होती. त्या अर्ध्या पेल्याचा मला इतका राग आला म्हणून सांगू! आणि मग राग कोणावर धरावा तेच कळेना.

तेव्हा पेनाला दोष दिला तो मागे घेतो. पेन चांगलं आहे. वसंतापासून हे चाललंय. बटणं जमेनात म्हणून मी चापबटणांचे शर्ट घ्यायला लागलो आणि स्वतःला सांगितलं की फॅशन बदलली. डॉक्टरांना दाखवलंय. त्यांनी नाव सांगितलं, जिवावरचं नाही म्हणाले, पण जाणारही नाही म्हणाले. तुझ्या आजोबांचा हात आठव, चर्चमध्ये गाण्यांचं पुस्तक त्यांच्या हातात कसं फडफडायचं. तू तेव्हा हसायचीस आणि ते मुद्दाम आणखी हलवायचे. तसंच आहे हे.

मी सगळं तपासून पाहिलं, उगाच रडगाणं गात नाही. कुंपणाच्या खांबावर कॉफीचा रिकामा डबा ठेवला, रिव्हॉल्वर रिकामं केलं आणि दोन हात अंतरावरून नेम धरला. नळीचं टोक डब्यावर गोल गोल फिरत होतं. प्रत्येक कानापासून विरुद्ध बाजूच्या डोळ्यापर्यंतच्या दोन रेघा जिथे छेदतात तिथे, आणि एकदाच, हे मीच तुला शिकवलं. दुसऱ्या गोळीला आपल्याकडे माफी नाही. साप चुकला तर चुकला, पण ती माझ्याकडे विश्वासाने बघत उभी असेल आणि माझा हात... नको, ते लिहवत नाही.

व्हर्ना म्हणते, "माझ्या भाच्याला सांगते, पोरगा नेमबाज आहे." मी तिच्यावर ओरडलो, आणि ती पाय सोडून बसली होती ती उठून घरी गेली. दुसऱ्या दिवशी सफरचंदाचा पाय (खायचा) घेऊन आली, तेव्हा रागावली नसावी. जनावरांच्या डॉक्टरांनाही विचारलं. ते सुई देतील, पण सुईचं विष अंगात राहतं. मग खोल पुरावं लागतं, नाहीतर जो गरुड खाईल तो मरेल. खोदायचं यंत्र मागवून पुरता येईल, हेही खरं. कदाचित तेच शहाणपणाचं. तीन दिवस मी तेच ठरवतो आणि सकाळी गोठ्यात जाऊन तिचा चेहरा पाहिला की मोडतो. अनोळखी माणूस, अनोळखी वास, गळ्यात सुई. तिला डॉक्टर कधीच आवडले नाहीत. काय बरोबर आहे, मला खरंच सुधरत नाही गं. आयुष्यात इतका गोंधळलेला मी कधी नव्हतो, तुझी आई गेली तेव्हासुद्धा नाही. तेव्हा निदान करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

आता हे पत्र का, ते सांगतो. पट्ट्या परत करायला गेलो तेव्हा ऑर्व्हिल म्हणाला, "हार्लन, शिंग घ्यायचं की लाकूड, हा प्रश्नच नाही. मूठ कोणाच्या हातासाठी करायची ते मला सांग, बाकीचं मी बघतो." मी तुझं नाव सांगितलं. त्याने लगेच कोरा जाड कागद काढून दिला, जणू आधीच घडी करून ठेवला होता. तो सोबत जोडणार होतो. उजवा पंजा ठेव, अंगठा मोकळा सोड, रेघ काढून पाठव, असं लिहिणार होतो. दिवसभर लोकांच्या तोंडात सुई फिरवणारा तुझा हात, त्याची रेघ किती सरळ येईल! पण इथवर लिहून कळलं की टपालाने माप येईल, मूठ तयार होईल, आणि ती धरायला इथे पुन्हा मीच. म्हणून कागद जोडत नाही. दिलेला शब्द मोडतोय, लीटा, रागव हवं तर, पण बर्फ पडायच्या आत ये. मघाशी गाडी काढू नकोस म्हणालो, ते खोड आणि गाडी काढ. शिंग की लाकूड ते तूच निवड, रिव्हॉल्वर आता तुझं. आपण तिला वरच्या माळावर नेऊ, जिथून ओढा दिसतो. तू तिच्यासमोर उभी राहा, आणि ओट्सची बादली मी धरतो. माझ्या हातात बादली आता आपोआपच खुळखुळते, आणि ती खुळखुळली की जुनिपर अजूनही मान वर करते.

तुझाच, वाट बघणारा,
पपा