चाळीस हजार झाडं

३ फेब्रुवारी, सकाळी ९
संकल्प: रोज लिहायचं, थोडक्यात लिहायचं. कारणही तसंच आहे. कंपनीने नव्या गेममधलं जंगल माझ्याकडे सोपवलं. सहा वर्षं भिंती आणि जिने केले, आता कुठे खरं काम. दुपारी बाबांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यायचंय. अर्धा दिवस गेला.

संध्याकाळी ६
काचबिंदू. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, थेंब वेळच्या वेळी घाला. गेलेली नजर परत येत नाही आणि उरलेली झपाट्याने चाललीय. गाडी घराजवळ आल्यावर बाबा म्हणाले, एकदा माझ्या बीटवर नेऊन आण. बत्तीस वर्षं फॉरेस्ट गार्ड होते, जंगलाच्या तेवढ्या तुकड्याची राखण केली. तीन तासांचा रस्ता. म्हटलं, नेतो की.
मग डोक्यात प्रकाश पडला. मी जंगलच तर करतोय! पंधरा दिवसांत घरबसल्या दाखवतो. धूळ नाही, गुडघेदुखी नाही. ही म्हणाली, आधी त्यांना नेऊन आण, मग काय ते कर. हिला टेक्नॉलॉजीचं वावडंच आहे.

५ फेब्रुवारी
तयार झाडांचं पॅक उतरवून घेतलं. चौदा जाती, सालीच्या भेगांसकट. आपण नुसता माउस फिरवायचा, फिरेल तिथे झाडं उगवतात. तासाभरात चाळीस हजार. बाबांनी सगळ्या नोकरीत किती लावली असतील? विचारलं नाही. उगाच वाईट वाटायचं.

६ फेब्रुवारी
मशीन आचके देतंय. आतला पंखा पिठाच्या गिरणीसारखा. चौदा जाती झेपत नाहीत. तोडगा काढला: एकच झाड ठेवलं, चाळीस हजार वेळा. प्रत्येकाचं तोंड वेगळीकडे, कुठे लहान, कुठे मोठं. कुणाच्या बापाला कळणार नाही.

८ फेब्रुवारी
बापाला कळलं. स्क्रीनला नाक लावून बसले आणि मिनिटभरात म्हणाले, अरे, हे सगळीकडे एकच झाड आहे. छातीच्या उंचीवर फांदी मोडलेली, तिच्याखाली गाठ. ते बघ, तेच. ते पलीकडचंही तेच. शिवाय वाळलेलं नाही, पडलेलं नाही, सगळी एका वयाची. असं कुठे जंगल असतं का?
रिटायर्ड माणसं फार चिकित्सक होतात. वाईट वाटलं, पण खचणाऱ्यातला मी नाही. निश्चय: बाबांची शाबासकी मिळेपर्यंत जंगलाबाहेर पडायचं नाही. माझ्या.

२० फेब्रुवारी
ताईचा फोन. नेलंस का बाबांना? म्हटलं, गाडीच्या मागच्या टायरमध्ये हवा कमी आहे. खोटं नाही, खरंच कमी आहे. फोन ठेवताना ती नुसतं बरं म्हणाली. तिचं ते बरं मला लहानपणापासून आवडत नाही.

५ मार्च
नवीन जंगल जोरात. अकरा जाती, वठलेली झाडं, आडवे ओंडके, त्यांच्यावर शेवाळ. काही झाडं जमिनीपासून वीतभर वर तरंगताहेत, एकेक धरून खाली बसवतोय. अशी चिकाटी ऑफिसात दुसऱ्या कुणाकडे नाही. त्या नादात बाबांचे दुपारचे थेंब राहिले. काल आणि परवाही. माझं काम घरूनच, दुपारी घरात मीच असतो, म्हणून हिने मॉनिटरवर चिठ्ठी चिकटवली. ती नेमकी धबधब्यावर येते. काढून ठेवली.

१७ मार्च
बाबांनी चहाचा कप टेबलाच्या कडेबाहेर ठेवला. फुटला. ते बराच वेळ जमीन चाचपत होते. टेबलाची जागाच चुकीची आहे. भिंतीकडे सरकवलं.

२६ मार्च, दुपारी १२
मोठा दिवस. ताईला मुद्दाम बोलावलं. सगळे खुर्च्या मांडून बसले आणि नवीन जंगल उघडताना मशीन बंद पडलं. दोनदा. वेळ मारून न्यायला जुनी फाइल उघडली, एकाच झाडाची. म्हटलं, आता बोलणी खायची.
बाबांनी खुर्ची पुढे ओढली. बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, हां, आता जमलं. एकासारखं दुसरं नाही. ती मोडकी फांदी काढलीस वाटतं?
म्हटलं, हो.
स्क्रीनवर ती चाळीस हजार ठिकाणी होती.
ताई उठून आत गेली. ही माझ्याकडे बघत राहिली. असो. शाबासकी मिळाली. तारीखवार नोंद असावी म्हणून लिहून ठेवतो. मिळाली.

दुपारी ४
जेवण गेलं नाही. फाइल परत उघडली. ती फांदी आंधळ्यालाही दिसेल, असं लिहिणार होतो. भीती वाटतेय.

२७ मार्च
डॉक्टरांकडे. डावा डोळा गेला. उजव्याला उजेड आहे की अंधार, तेवढंच कळतं. त्यांनी विचारलं, थेंब नियमित होते ना? मी म्हटलं, बहुतेक. बाबा मध्येच म्हणाले, होते होते, मुलगा घालायचा.

२८ मार्च, सकाळी ७
रजा टाकली. टायरमध्ये हवा भरून आणली. पाण्याच्या बाटल्या, बाबांची काठी, टोपी, सगळं गाडीत ठेवलं. वर येऊन म्हटलं, चला बाबा, बीटवर.
ते पलंगावर बसूनच राहिले. म्हणाले, आता कशाला एवढ्या लांब? तुझं पाहिलं की परवा. छान झालंय.
काठी परत वर आणून ठेवली. हवा भरायला चार मिनिटं लागली होती.