आबांनी तळलेला डिंक

जालना,
१२ जानेवारी २०२५

चि. अर्पितास,
अनेक आशीर्वाद. तब्येत बरी असेल. गोळ्या वेळेवर घेत जा. दाजींना नमस्कार सांग.

फोनवर मला नीट बोलता येत नाही, म्हणून लिहितो. आमचा बॅटरीचा सेल चालला. अजून चालूच आहे.

तुला मागे सांगितलं होतं, आमची बॅटरी जस्ताची आणि आत पाणी, त्यामुळे ती पेट घेत नाही. पण चार्ज करताना जस्त पत्र्यावर परत बसतं ते सारखं बसत नाही. सुईसारखे काटे उगवतात, मधला कागद फाडतात आणि सेल मरतो. दोन वर्षं हेच चाललं होतं. या वेळी पाण्यात थोडा बाभळीचा डिंक विरघळवला. जोडीचा एक सेल उघडून पत्रा सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर काटे जवळपास नाहीतच. आमच्या प्रयोगशाळेच्या मॅडम दोनदा पाहून गेल्या. मी जेवायचंच विसरलो. बऱ्याच चाचण्या बाकी आहेत, पण इतका सपाट पत्रा मी पहिल्यांदाच पाहिला.

डिंकाची गंमत ऐक. दुकानातल्या डिंकात भेसळ निघाली, म्हणून आबांना बांधावरच्या बाभळीचा पाठवायला सांगितलं. त्यांनी एसटीच्या वाहकाजवळ डबा दिला. प्रयोगशाळेत उघडला तर तुपाचा वास. सगळा डिंक तळून, फुलवून पाठवलेला. मॅडमना हसू आवरेना. म्हणाल्या, आता गूळ-खोबरं तेवढं घाला यात.

आबांना कधी चहासुद्धा जमला नाही. मी फोनवर जरा चिडूनच विचारलं, तळला कशाला?

"मंग? तुझी आई तळूनच घ्यायची. अर्पीच्या लाडवालाच मागितला न्हाई का तू?"

मी डब्याचं झाकण लावलं. मग त्यांनीच हळू विचारलं, "कधी येऊन राह्यली ती?"

आई गेल्यावर तू मला म्हणालीस, आता माहेरी बाळंतपणाला येऊन कोणाजवळ बसू. ते मी आबांना सांगितलेलं नाही. त्या दिवशीही सेलबद्दलच बोलत बसलो. दुसऱ्या दिवशी त्यांनी कच्चा डिंक पाठवला. हा सेल त्याच डिंकाचा.

परवा घरी केदारखेड्याला गेलो तर आबा आईची बाज नव्याने विणून घेत होते. शेजारच्या पुष्पाकाकूंना मालिशीचं विचारूनही आलेत. आईसारखं आमच्याने होणार नाही. पण तेवढे महिने मी घरूनच जालन्याला ये-जा करीन. स्वयंपाक मला येतो.

आईविषयी मला अजून बोलता येत नाही. एवढंच लिहितो, की ये.

यायचं नसेल, तर ते आबांना तूच सांग. माझ्याने होणार नाही.

आबांना अजून काहीच न सांगितलेला,
तुझा दादा
हरिओम