आडव्या सायकलीची हकीकत

प्रिय अक्का,

तुला आडवं पडून नमस्कार. पूर्वी मी हा नुसता लिहायचो, पण हल्ली रस्त्यावर खरोखरच आडवा होतो, तेव्हा त्यातला एखादा तुझ्या नावावर धरून चाल. इकडे सगळे खुशाल आहेत. (माझं डावं कोपर सोडून. त्याचं पुढे येईलच.) तुझे गुडघे कसे आहेत? भाची फोनवर म्हणाली, दाजी गेल्यापासून तू फाटकापर्यंतसुद्धा जात नाहीस, टीव्हीसमोर बसून असतेस आणि टीव्ही बंद असतो. मी त्यावर नुसतं हं हं केलं. मला फोनवर बोलणं जमत नाही, तुला माहीतच आहे, म्हणून हे पत्र.

तर झालं असं, की डॉक्टरांनी माझ्या कमरेचा फोटो दिव्यापुढे धरला आणि सायकल बंद म्हणून सांगितलं. वाकून बसायचं नाही. मी विचारलं, रेलून बसलेलं चालेल का. ते म्हणाले, खुशाल रेला. (त्यांच्या मनात आरामखुर्ची होती. माझ्याही मनात तीच होती, फक्त खाली चाकं होती.) अशा सायकली असतात, अक्का. माणूस खुर्चीत टेकल्यासारखा बसतो, पाय पुढे पसरतो आणि समोरच्या समोर पेडल मारतो. विकत मिळतात म्हणे, पण ज्याने जन्मभर पाणीपुरवठा खात्यात दुसऱ्यांनी काढलेल्या नकाशांवर शिक्के मारले, त्याला आयुष्यात एकदा तरी स्वतःचा नकाशा काढावासा वाटतो.

भंगारातून मी दोन सायकली आणल्या, मागच्या चाकासाठी मोठी आणि पुढच्यासाठी लहान मुलाची. खुर्ची गॅलरीतली घेतली. तुझी भावजय तेव्हा तिच्या बहिणीकडे गेली होती. (परत आल्यावर ती ज्या जागी बसायला गेली तिथे खुर्ची नव्हती. त्याविषयी आमच्या घरात अजून बोलणं चालू आहे.) नळ्या जोडायला कोपऱ्यावरचा वेल्डर धरला. त्याचा जन्म खिडक्यांच्या जाळ्या करण्यात गेलेला, सरळ नळी सरळ ठेवणं त्याला कमीपणाचं वाटतं. त्यामुळे सांगाड्याला दोन्ही बाजूंनी वेलबुट्टी आली आणि मी सायकल ढकलत निघालो की शेजारी विचारतात, खिडकी कुठे नेताय?

खरी गंमत हँडलची. ते सीटखाली, दोन्ही मांड्यांच्या बाजूला येतं आणि तिथून एक दांडी पुढच्या चाकाला जाते. वेल्डरने ती उलट्या अंगाला जोडली. उजवीकडे वळवलं की सायकल डावीकडे. त्याने दुरुस्त करतो म्हटलं तर मीच म्हणालो, राहू दे, होईल सवय. आणि झालीही. इतकी पक्की झाली, की पुढे त्याने न सांगता दांडी बदलली तेव्हा मी थेट इस्त्रीवाल्याच्या टेबलाखाली गेलो. तो कॉलर दाबत होता. खाली न बघताच म्हणाला, "उद्या मिळतील." (कोपर ते हेच.)

मग सुधारणा सुरू झाल्या. तीन साखळ्या जोडून केलेली लांबलचक चेन माझी ऑफिसची तपकिरी पँट घोट्यापासून खायला लागली, म्हणून तिला प्लास्टिकच्या पाइपात घातली. पेडलं पुढे सरकवली, खुर्चीची पाठ थोडी उभी केली. ट्रकवाल्यांना दिसावं म्हणून मागे काठीला नारिंगी उशीचा अभ्रा बांधला. कुत्र्यांना मात्र अभ्र्याची गरज नाही. ती आता माझ्याशी बरोबरीच्या नात्याने वागतात, कारण आमची डोकी एकाच उंचीवर असतात.

परवा सकाळी पाण्याच्या टाकीच्या उतारावर ती पहिल्यांदा नीट चालली. कुरकुर नाही, कमरेत कळ नाही. डोळ्यांसमोर रस्ता कमी आणि आभाळ जास्त, झाडांचे शेंडे मागे पळताहेत. आणि मला एकदम शाळेमागचं मैदान आठवलं. बाबांची ती उंच काळी सायकल, मी दांडीखालून पाय घालून एका अंगाला लोंबकळतोय, आणि तू कॅरिअर धरून मागे धावतेयस, "धरलंय, धरलंय" म्हणत. तुझा आवाज लांब लांब जात होता, तरी माझा विश्वास होता. (मी तसलाच मुलगा होतो.) टोकाला जाऊन वळून बघितलं तर तू पार पलीकडे, कमरेवर हात ठेवून उभी. ते पाहिलं आणि मग पडलो. नंतर तू नोकरीलाही सायकलनेच जायला लागलीस, दाजी भेटले तेही चेन उतरली म्हणून. त्यांनी खूप खटपट केली, चेन काही बसली नाही, पण काळ्या हातांनी सायकल ढकलत आपल्या दारापर्यंत आले आणि आईने त्यांना साबण दिला. उतारावर मला हे सगळं ओळीने दिसलं. या सायकलवर मागे वळून बघता येत नाही, खुर्चीची पाठ आड येते. त्यामुळे मागून कुणी धरलंय का, ते मला कळलं नाही. पण पडलो नाही, हे खरं.

प्रकृतीला जप.

तुझा धाकटा

ता. क. विचारायचं ते राहूनच गेलं. कमरेपासून टाचेपर्यंत तुझं माप कळव. भाचीला टेप धरायला सांग. कशासाठी, ते विचारू नकोस. शिंप्याचं काम आहे समज.

आणखी ता. क. वन्सं, पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं म्हणून लिहिते. मापाचं मनावर घेऊ नका. तुमच्यासाठी दुसरी सायकल मी ह्यांच्या नकळत करून घेतलीय, वेल्डरच्या अंगणात तयार उभी आहे. तुमची माझी उंची एकच, त्यामुळे पंधरा दिवस वेल्डरपुढे पाय लांब करून मीच बसत होते. इतक्या वर्षांत ह्यांच्या हे लक्षात आलेलं नाही, आणि 'ये' म्हणायला तोंड उघडत नाही. तुम्ही नाही म्हणाल याची भीती. तर मी म्हणते, या. रविवारी भाची आणून सोडणार आहे, तिच्याशी माझं बोलणं झालंय. ब्रेक दोन्हींत मिळून एकच आहे, तो तुमच्या सायकलला लावून घेतलाय.