वर्गात निळा प्रकाश

३ तारीख, सोमवार
वही आणून बरेच दिवस झाले. रोज लिहायचं ठरवलं होतं. आधी चांगलं पेन मिळेना. मग मिळालं, तर ते इतकं झकास निघालं की नुसती सायकलींची चित्रंच काढत बसलो. आजपासून मात्र नियमित.

सद्यस्थिती. मुक्काम ताईकडे, पाहुण्यांच्या खोलीत. (भावोजी तिला अजून ‘इस्त्रीची खोली’च म्हणतात.) नोकरी बातम्यांच्या वेबसाइटवर. दोन्ही तात्पुरतं. मी मुळात भटका माणूस. कॉलेज दुसऱ्या वर्षी सोडलं ते एका जागी बसवत नाही म्हणूनच. पगार झाला की सायकल घ्यायची आणि समुद्राच्या कडेकडेने सुटायचं. पक्कं.

४ तारीख
ऑफिसला खिडकी नाही. तिच्या जागी मोठा स्क्रीन आहे. कुठली बातमी किती लोक वाचतायत, ते त्यावर दिसतं. संपादक माझ्याशी बोलतानाही तिकडेच बघतात. वाचक तेवढ्या जाहिराती, जाहिराती तेवढे पगार. आज म्हणाले, तुझ्या बातम्या वाचून लोक झोपतात, आणि झोपलेला माणूस जाहिरातीवर बोट ठेवत नाही.

आमच्याकडे दोन किरकोळ बातम्या आल्या की त्यांची एक जोडबातमी करतात. आज माझ्याकडे दोन होत्या. एक, कुठल्याशा प्रयोगशाळेतल्या बाईंनी काचेचा असा पातळ पापुद्रा केलाय की निळा प्रकाश त्यातून न विखुरता जातो. संदेश पाठवायला उपयोगी म्हणे. दुसरी, काही शाळांतल्या कच्च्या मुलांचे मार्क वाढले. कसे वाढले ते दुसऱ्या पानावर होतं. उघडणारच होतो, तेवढ्यात शेजारी जुन्या सायकलींची जाहिरात दिसली.

मथळा मात्र फक्कड जमला: ‘वर्गात निळा प्रकाश, मार्कांना आकाश!’

५ तारीख
स्क्रीनवर सगळ्यात वर आपलीच बातमी. संपादक पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलले. भावोजी म्हणाले, चला, घरातली अडगळ मार्गी लागली. ताईने बातमी छापून आपल्या शाळेत नेली आणि शिक्षकांच्या खोलीत लावली. आता मुद्दाम विज्ञानाचा अभ्यास करणार. रोज एक तास.

७ तारीख, शुक्रवार
अभ्यास सोमवारपासून.

ताईच्या हेडमास्तरांना बातमी फार आवडली. सगळ्या खिडक्यांना निळा कागद चिकटवतायत. एका लेखणीत काय ताकद असते! ताई त्या शाळेत दुसरी बाई आहे. म्हणजे मुख्य बाई फळ्यावर शिकवतात आणि ही मागच्या बाकांवरच्या पोरांशेजारी बसून तेच पुन्हा समजावते. जागा हंगामी आहे.

१० तारीख
ताई लवकर घरी आली. साखर नसलेला चहा किती तरी वेळ ढवळत बसली. हेडमास्तर म्हणाले, आता काचाच शिकवणार म्हटल्यावर दुसऱ्या बाईची काय गरज? शुक्रवारी समितीच्या बैठकीत जागा रद्द होणार. भावोजी माझ्याकडे बघत म्हणाले, शोध लावणाऱ्यांचा पत्ता असेल तर दे, सत्कार करू.

खोलीत येऊन दुसरं पान उघडलं. मार्क वाढले, कारण त्या शाळांनी वर्गात दुसरी बाई दिली होती. कच्च्या पोरांशेजारी बसणारी. ते अख्खं पान म्हणजे आमची ताईच.

उद्या बातमी दुरुस्त करणार. काय वाटेल ते होवो.

११ तारीख
संपादकांना ठणकावून सांगितलं, म्हणजे दारातूनच सांगितलं. ते म्हणाले, दुरुस्ती कुणी वाचत नाही, ‘निळ्या काचेचे सात फायदे’ लिही. नाहीतर दार तिथेच आहे, जिथे तू उभा आहेस. मी तत्त्वाला चिकटून राहिलो. पाचच लिहिले.

जेवताना ताई सांगत होती, मागच्या बाकावरून फळा दिसत नाही. पोरं भरदुपारी विचारतात, बाई, संध्याकाळ झाली का?

१३ तारीख
शांतपणे विचार केला. खरं सांगितलं तर माझी नोकरी जाणार आणि बहुधा खोलीही. नाही सांगितलं तर ताईची जागा जाणार. मोकळ्या हवेत नीट सुचेल म्हणून सायकल बघायला गेलो. दुकानदाराने एक फेरी मारू दिली. गल्लीच्या टोकापर्यंत गेलो आणि वळून परत आलो. दुकानदार म्हणाला, सगळे तिथूनच वळतात.

खोलीत इस्त्रीचे कपडे छातीपर्यंत आलेत. दार अर्धंच उघडतं.

१४ तारीख, सकाळ
ताई इस्त्री करायला आली. शर्टाच्या कॉलरकडे बघतच म्हणाली, “खरं सांग, हे त्या प्रयोगशाळेतल्या बाईंनीच म्हटलंय ना? तू लिहिलंयस म्हणून मी शाळेत एक शब्द बोलले नाही.”

मी म्हणालो, “हो. साधारण तसंच.”

तिने तीच कॉलर पुन्हा एकदा दाबली.

चिडली नाही. म्हणजे पटलं असावं.

त्याच दिवशी, दुपार
निर्णय झाला. बैठकीत स्वतः उभा राहून सांगणार. भाषणाचं पहिलं वाक्य तयार आहे, फार सुंदर झालंय. त्याची अक्षरं वळणदार काढण्यात थोडा वेळ गेला. खबरदारी म्हणून बॅगही भरून ठेवलीय. दुसऱ्या वाक्यात नेमकं काय

बेल वाजली. बाहेर बायकांचे आवाज. ताई हसतेय, चार दिवसांनी.

आत्ता अर्ध्या दारातून डोकं घालून म्हणाली, “तुला विचारून काही कळायचं नाही, हे मला तुझ्या लहानपणापासून माहितीये. म्हणून मीच प्रयोगशाळेला पत्र टाकलं होतं. त्या काचेच्या बाई आल्यात, बैठकीला माझ्याबरोबर येतायत. पण आधी म्हणतात, हा जोड ज्याने मारला, त्याला एकदा बघायचंय. शर्ट बदल आणि बाहेर ये.”