तांड्यातला नवा चॅनल

मारेगाव
१७ फेब्रुवारी २०१८

प्रिय जमनी,

तुझा फोन बंद असतो की तू माझा नंबर बंद केला आहेस, हे विचारत नाही. होस्टेलचा पत्ता तुझ्या नर्सिंगच्या प्रवेशाच्या कागदावरून उतरवून घेतला. तो कागद रुपीकाकू अजून पेटीत जपून ठेवतात. दहावीच्या पेपरातलं पत्रलेखन सोडलं तर मी कुणाला पत्र लिहिलेलं नाही. पण फोनवर मी आडरस्त्याला लागते आणि खरी गोष्ट राहून जाते, म्हणून कागद घेतला.

मला उत्तमसिंगकाकांबद्दल, तुझ्या वडिलांबद्दल लिहायचं आहे. सगळा तांडा म्हणतो की त्या दिवशी ते पिऊन फवारणीला गेले. तुलाही तेच सांगितलं गेलं. तू नर्सिंगला निघालीस तेव्हा सेवालाल महाराजांच्या झेंड्याखाली त्यांनी तुझ्या डोक्यावर हात ठेवून दारू सोडली होती, त्यामुळे तुला ते किती लागलं असेल हे मला कळतं. काका वारल्यावर तू तिसऱ्याच दिवशी निघून गेलीस. दिवाळीला तांड्यातल्या पोरी दिवे घेऊन घरोघर मेरा मागायला, थोरांचे आशीर्वाद घ्यायला निघाल्या, त्यांच्यात तू नव्हतीस. काकू दारात दिवा लावून बसल्या होत्या. पोरी आल्या, गाऊन गेल्या, तरी काकू उठल्या नाहीत.

आता जरा मागे जाते. बी.एस्सी. होऊन मी घरी बसले होते, आठवतं ना? घरातली पहिली पदवीधर, म्हणून अम्मीनं गल्लीभर पेढे वाटले, आणि नोकरी काही लागेना. अब्बांच्या डिशच्या दुकानात बसायला लागले. अर्ध्या तालुक्याच्या छपरांवरच्या छत्र्या अब्बांनीच बसवलेल्या. गिऱ्हाईक बिघडलेला सेट-टॉप बॉक्सचा डबा घेऊन आलं की ते माझ्याकडे बोट दाखवून म्हणायचे, आमच्या सायंटिस्टला दाखवा, आमचा तर फक्त पाना चालतो. त्या वर्षी जे नवे डबे आले, त्यांच्या मागे एक खाच होती. तिच्यात पेनड्राइव्हसारखी छोटी कांडी खोचायची, फोनचं हॉटस्पॉट चालू करायचं, की टीव्हीवर इंटरनेट. त्या रात्री मला झोप लागली नव्हती. डोक्यात सारखं चालू होतं, ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही आता कापसाच्या शास्त्रज्ञाचं बोलणं घरात बसून ऐकता येईल, रोगाचं चित्र मोठं करून पाहता येईल. अब्बांना मी यावर तासभर भाषण दिलं. ते म्हणाले, बेटा, तू निवडणुकीला उभी राहा.

तुमच्याच घरी पहिली कांडी बसवली, कारण फोनला रेंज फक्त तुमच्या छपरावर यायची. मी माझा फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून छत्रीच्या दांड्याला बांधायची आणि तो तापून बंद पडला की शिडीवर चढून पुन्हा चालू करायची. दर रविवारी दुपारी तुमच्या घरात तीस-चाळीस माणसं. काका सगळ्यांना पाणी द्यायचे आणि रिमोट मात्र कुणाच्या हाती द्यायचे नाहीत. 'माह्या नर्सबाईचं घर हाय हे, गोंधळ चालनार नाही,' असं म्हणायचे. तू तेव्हा पहिल्याच वर्षाला होतीस.

जमनी, एक गोष्ट तेव्हाच माझ्या लक्षात आली होती. लोकांना टीव्हीवरचं इंटरनेट हा एक नवा चॅनलच वाटत होता. रिमोट तोच, पडदा तोच, छत्रीही तीच. फोनवर कुणी काही पाठवलं तर हीच माणसं हसून सोडून देत. पण टीव्हीवर वर्षानुवर्षं संध्याकाळी शेतीचे जे साहेब बोलत आले, ते सरकारचे, तपासलेलं सांगणारे. मग हाही तसलाच. इंटरनेटवर कुणीही काहीही टाकू शकतो, हे मी एकदा उभं राहून सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. लोक मला चॅनलवाली बाई म्हणायला लागले होते आणि मला ते आवडत होतं.

सप्टेंबरातल्या एका रविवारी मी बोंडअळीचा एक चांगला व्हिडिओ लावला होता, विद्यापीठातल्या शास्त्रज्ञाचा. मध्येच फोन तापला म्हणून मी वर गेले. खाली आले तोवर तो संपून दुसरा आपोआप सुरू झाला होता. एक माणूस, पांढरा शर्ट, मागे बाटल्यांचं कपाट, आणि तो सांगत होता की कापूस डोक्याएवढा वाढला असेल तर एकेक औषध मारून काही होत नाही, ही तीन एकाच पंपात टाका. मी बंद करू शकले असते. पण इतकी माणसं इतकं मन लावून ऐकतायत, हेच मी बघत राहिले. काकांनी तो पुन्हा लावायला सांगितला. त्यांना लिहिता येत नव्हतं, म्हणून बाटल्यांचे रंग बोटांवर पाठ करून घेतले. मग मला विचारलं, 'बेटी, हा सरकारी मानूस हाय ना?'

मी म्हटलं, 'हो काका.'

मला माहीत नव्हतं तरी म्हटलं. का, ते पाच महिने शोधते आहे. तीस-चाळीस माणसांसमोर शिकलेल्या मुलीनं 'माहीत नाही' म्हणायचं, हे माझ्यानं झालं नाही, एवढंच सापडतं.

दुसऱ्या दिवशी ते मजुरीनं दुसऱ्याच्या शेतात फवारायला गेले. कापूस डोक्याच्या वर गेलेला, वारं तोंडावर, पाठीवर पंप. मी दुपारी फाट्यावर काळीपिवळी जीपची वाट बघत होते. काका रस्त्यानं येताना दिसले. पाय इकडेतिकडे पडत होते, तोंडातून लाळ, अंगावरचा सदरा पिळून काढावा इतका ओला. टपरीवरची माणसं हसली. एकानं ओरडून विचारलं, उत्तमसिंग, आज काहून चढवली? मी हाक मारली, काकांनी मला आवाजावरून ओळखलं. म्हणाले, 'बेटी, मले दिसून नाही राह्यलं.' मी त्यांना धरलं तेव्हा माझा चेहरा त्यांच्या तोंडाशी होता. दारूचा वास नव्हता, जमनी. औषधाचा होता. तो इतका होता की माझेच डोळे चुरचुरले.

मी त्यांना गाडीत घातलं. मारेगावहून यवतमाळला हलवलं. त्या आठवड्यात वॉर्डात फवारणीची आणखी माणसं होती, काहींना खाटेला बांधून ठेवलेलं. डॉक्टरांनी मला विचारलं, काय काय फवारलं, एक की मिसळून? मला तिन्ही नावं पाठ होती. मी म्हटलं, मला माहीत नाही. आदल्या दिवशी जे म्हणता आलं नाही, ते त्या दिवशी सहज म्हणता आलं. उपचार विषबाधेचेच चालू होते. नावं कळली असती तर काही फरक पडला असता का, हे मी आजवर कुणाला विचारलेलं नाही. तू ते शिकते आहेस. एक दिवस तू मला सांगशील, आणि ते काहीही असलं तरी मला ऐकावं लागेल.

चौकशीला तहसीलचे साहेब आले तेव्हा फाट्यावरच्या माणसांनी जे पाहिलं ते सांगितलं. कागदावर आलं, नशेत, निष्काळजीपणे फवारणी. मी मागे उभी होते. अब्बांनी माझं मनगट धरून ठेवलं होतं. त्यांनी आदल्याच दिवशी गावोगाव फिरून सगळ्या घरांतल्या कांड्या काढून आणल्या होत्या, कंपनीनं परत मागवल्या आहेत असं सांगून. अब्बा वाईट माणूस नाहीत. ते माझ्यासाठी घाबरले होते. तुमचा डबा मात्र मी दुरुस्तीच्या नावानं घरी आणला. त्यात अजून दिसतं, कोणता व्हिडिओ कधी पाहिला आणि किती वेळा. काकू भेटतात तेव्हा टीव्ही कधी नीट होईल विचारतात. एकदा दुसरंच विचारलं. तू फाट्यावर होतीस ना, निलोफर, त्याईच्या तोंडाले वास येत होता काय? मी म्हटलं, आठवत नाही काकू. त्यांनी मान हलवली आणि मला चहा करून दिला.

परवा सेवालाल जयंती झाली. सगळा तांडा झेंड्यापाशी होता. काकू लांब, तुमच्या घराच्या कोपऱ्याशी उभ्या होत्या. मी बोलवायला गेले तर म्हणाल्या, त्याईनं तिथंच शपथ घेतली होती, अन् मोडली, मी कोन्त्या तोंडानं जाऊ. काल सकाळी मी डबा घेऊन तहसीलला गेले आणि सगळं लिहून सही करून दिलं, व्हिडिओ, माझं 'हो', दवाखान्यातलं 'माहीत नाही'. अब्बा तेव्हापासून माझ्याशी बोललेले नाहीत. काकांनी शपथ मोडली नव्हती, जमनी. त्यांनी औषध मिसळायच्या आधी विचारलं होतं, आणि ज्या माणसाला विचारायला हवं असं त्यांना वाटलं, त्यालाच विचारलं होतं. काकूंना मी अजून सांगितलेलं नाही. येत्या पंचवीस तारखेला, रविवारी, सांगणार आहे. ते ऐकताना त्या एकट्या असू नयेत, एवढ्यासाठी हे पत्र लिहिलं. तू ये. माझ्याशी बोलू नकोस, माझ्याकडे बघूही नकोस. काकूंच्या शेजारी बस, त्यांचा हात धर. मी दारातूनच सांगेन आणि निघून जाईन.

तुझीच म्हणायचा हक्क उरला आहे की नाही, हे तुझ्यावर सोडून,
निलोफर