बुडवलेला देव

चोपडे, पेडणे
१८ मार्च १९८७

चि. सौ. देवकीस,
चोपड्याहून तुझ्या सगुणभाईचे आशीर्वाद. आम्ही इकडे धड आहोत. तुम्ही कारापूरला कशी आहात ते कळवण्यात आळस करू नये.

शिगमो पार पडला. कोकणी राजभाषा झाल्यापासून वाडीवर दोन गट पडले आहेत आणि दोन्ही गट कोकणीतच भांडतात. मी पत्र मराठीत लिहिणार. मी लिहायला शिकलो ते मराठीत, आणि तेही माझं मी.

आता मुख्य गोष्ट. शेजारच्या रुझारिनमावशीकडे वाडीवरच्या लहान चर्चची, कपेलाची किल्ली असते हे तुला ठाऊक आहे. शिवोलीला लेकीच्या बाळंतपणाला जाण्याआधी ती त्यांचा क्रुसावरचा देव माझ्याकडे ठेवून गेली. लाकडी, जुना, चारेक वर्षांच्या पोराएवढा. डावा हात खांद्यातून निखळलेला. गुड फ्रायडेच्या आधी जोडून दे म्हणाली. मी गणपती करतो तेव्हा मला सगळेच देव जमत असणार, असा तिचा हिशेब. तो बरोबर आहे.

मी मूर्ती उलटसुलट करून पाहिली. वाळवी लागलेली. म्हणजे मूर्ती खंडित. खंडित मूर्ती पूजेत ठेवायची नसते, वाहत्या पाण्यात सोडायची असते, हे मी स्वतः वाचलेलं आहे. देव कोणाचा हे तिथे विचारात घेतलेलं नाही. म्हणून गेल्या आठवड्यात सोमवारी अंघोळ करून, फूल वाहून, निरांजन ओवाळून, गूळखोबऱ्याचा नैवेद्य दाखवून मी विठू नावाड्याच्या होडीतून तिचं नदीत विसर्जन केलं. त्यांचे मंत्र मला येत नाहीत, आपलेच म्हटले. लाकूड तरंगतं, हे दुसऱ्या कोणाच्या ध्यानात आलं नसतं. मी काथ्याच्या दोरीने चिरा बांधला. सुटलेल्या हातालाही वेगळा दगड बांधला.

नवी मूर्ती मातीची केली आहे. जुन्याच्या बरगड्या मोजता येत होत्या, बघवत नव्हतं. मी अंग भरलं, गालावर थोडी लाली दिली. जखमा वगळल्या, देवाच्या अंगावर त्या शोभत नाहीत. दोन्ही हातांतून लोखंडी सळी घातली आहे, आता जन्मात निखळणार नाहीत. मावशीला अजून काही कळवलेलं नाही. आली की बघेल आणि खूश होईल.

तू विचारलं होतंस, अपघातानंतर कृष्णनाथ भावोजींनी चवथीला गणपतीच्या पूजेला बसू नये असं तुझे दीर आणि भटजी म्हणतात, ते बरोबर की कसं. बरोबर आहे. पूजेला सर्वांग धड असलेला माणूस लागतो. त्यांनी मनाला लावून घेऊ नये. बाकी सगळी देखरेख त्यांनीच करावी.

लोभ आहेच, त्याला गंज चढू देऊ नकोस.

तुझा,
सगुणभाई

कारापूर
२५ मार्च १९८७

ती. भाईस,
देवकीचा वाकून नमस्कार. तुझं पत्र पोचलं. न पोचतं तर बरं होतं.

तुझं पत्र आलं की मी यांना मोठ्याने वाचून दाखवते, हे तुला माहीत आहे. खाणीवर ट्रकच्या फाळक्याखाली उजवा हात गेल्यापासून हे माजघर सोडून बाहेर बसत नाहीत. शिगम्याला आमच्या अंगणात ढोलताशांची मिरवणूक घेऊन रोमट आलं, तेव्हा यांचं घुमट दिराने वाजवलं आणि हे आत भिंतीकडे तोंड करून राहिले. तुझ्या पत्राने तेवढे हसतात. म्हणून मी वाचत गेले. खंडित मूर्ती पाण्यात सोडायची असते, इथपर्यंत मी झोकात वाचलं. मग पुढे पूजेचं आलं, ते वाचायचं थांबवेपर्यंत अर्धं वाचून झालं होतं. यांनी एवढंच विचारलं, की मला बांधायला चिरा आपल्याच आवारातला घेणार की विकत आणणार.

मला वाटलं चेष्टा केली. रात्री जेवले नाहीत, तेव्हा कळलं.

आणि भाई, तुला विसर्जन करायला सांगितलं कोणी? मावशीने हात जोडायला दिला होता. यांना ठेवलं होतं त्या दवाखान्यात सिस्टर होत्या, पांढऱ्या झग्यातल्या. वॉर्डाच्या भिंतीवर तसलाच देव होता, जखमांसकट. एकदा यांनी वैतागून विचारलं, की देवाला असं उघडं, रक्ताळलेलं कशाला टांगता, जरा बरं दिसेल असं काही लावा. सिस्टर यांची पट्टी बांधत होती. मान वर न करता म्हणाली, की तो या वॉर्डातला सगळ्यांत जुना पेशंट आहे, त्याला हलवता येत नाही. त्या दिवशी हे अपघातानंतर पहिल्यांदा हसले होते.

म्हणजे त्यांचा देव मोडलेलाच असतो. तेवढं मला कळतं, आणि मी काही वाचलेलं नाही.

माझा जीव यांच्यात अडकला आहे. तू मोठा आहेस म्हणून लिहिते, राग धरू नकोस, आणि धरलास तरी पत्र पाठव.

तुझी,
देवकी

चोपडे
३ एप्रिल १९८७

चि. सौ. देवकीस,
आशीर्वाद. तुझं पत्र मिळालं. कडक आहे. दोनदा वाचलं.

रुझारिनमावशी आली. मी नवी मूर्ती मेजावर ठेवून वर पंचा घातला होता, तो ओढला. तिने बराच वेळ बघितलं आणि विचारलं, हा कोण. मी म्हटलं, तुमचा जेजू. ती म्हणाली, हा लग्नात जेवून आल्यासारखा दिसतो. मग विचारलं, तिचा कुठे आहे. मी सगळं सांगितलं, नैवेद्यासकट. ती उंबऱ्यावर बसली.

ती ओरडली असती तर मला सोपं होतं. तिने तिच्या नवऱ्याचं, पावलूचं सांगितलं. माडावरून पडल्यावर तो वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळून होता ते तुला आठवत असेल. तिने त्याला धुतलं, पुसलं, कुशीवर वळवलं. सुरुवातीला लोक बघायला यायचे, मग यायचे थांबले. दुपारी त्याचा डोळा लागला की ती कपेलात जाऊन बसायची, समोर हा देव. म्हणाली, त्याच्या बरगड्या मोजत मी दिवस काढले, सगुण. मला वाटायचं, ह्याला सांगायची गरज नाही, ह्याला ठाऊक आहे. तुझ्या ह्या गुबगुबीताला मी काय सांगू? ह्याच्या अंगाला साधा काटा लागलेला नाही.

आणखी एक गोष्ट निघाली. गुड फ्रायडेला ते देवाचे खिळे काढतात, क्रुसावरून खाली उतरवतात, दोन्ही हात अंगाशी मिटवून तिरडीवर निजवतात, आणि मावशी त्याला पुसून घेते. त्यासाठी खांद्याला चामड्याची बिजागरी होती. ती कुजली म्हणून हात सुटला. मी तिला वाळवी समजलो. वाळवी होतीच, पण पायाला. नव्याच्या हातात सळी आहे, ह्याला खाली उतरवून निजवणार कसा, असं तिने विचारलं. माझ्यापाशी उत्तर नव्हतं. हे लक्ष्मीने लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच पाहिलं आणि ती चहा ठेवायला आत गेली.

उठताना मावशीने विचारलं, पाण्यात सोडताना मी त्याला काय सांगितलं. मी म्हटलं, रीत असते तेच, पुन्हा ये. मोठ्याने सांगितलंस का, म्हणाली. मी म्हटलं, विठूने ऐकलं. मग येईल, म्हणाली. पण तू होडी घेऊन पुढे जा, त्याला एकट्याला चालायला लावू नकोस.

पाद्री स्कूटरवरून आले. सगळं ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि चिरा घट्ट बांधला होता का, असं विचारलं. मी म्हटलं, माझी गाठ सुटत नाही. त्यांना तीच भीती होती, म्हणाले. आता पाववाला पोदेर आमच्या दारात भोंपू न वाजवता पुढे जातो. आम्ही पावाशिवाय चहा पितो.

मी रोज ओहोटीला विठूबरोबर होडीत असतो. गळ टाकतो. दोनदा चिरा लागला, पण तो दुसऱ्याच कसला होता.

भावोजींना काय लिहावं ते सुचत नाही. सुचेपर्यंत त्यांना नमस्कार सांग, आणि हे पत्र आधी मनात वाच.

सगुणभाई

कारापूर
१० एप्रिल १९८७

ती. भाईस,
देवकीचा नमस्कार. पत्र मनात वाचायला घेतलं होतं, यांनी मागितलं. अख्खं वाचायला लावलं. लग्नात जेवून आल्यासारखा, याला हसले. पावलूचं आलं तेव्हा, ते तेवढं पुन्हा वाच म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून हे बाहेर सोप्यावर बसतात. पोस्टमनची वाट बघतात. लोक येऊन हाताचं विचारतात, तर हे त्यांना देव सापडला नाही अजून, असं उत्तर देतात. लोकांना वाटतं डोकं फिरलं.

यांचा निरोप: बार्जीवर माल चढवताना नदी पाहिलेली आहे, काथ्या खाऱ्या पाण्यात फार टिकत नाही, दोरी सुटून मूर्ती खाली मोरजीच्या बाजूला वाहत गेली असणार. तिकडेच शोधा, वर वेळ घालवू नका. हे अगदी ठासून लिही म्हणाले, म्हणून ठासून लिहिलं.

भाई, ह्या देवाला काही झालं तरी शोध. तुझ्या नावासाठी नव्हे. न सापडल्याचं पत्र मला यांना वाचून दाखवता येणार नाही.

देवकी

चोपडे
२० एप्रिल १९८७

चि. सौ. देवकीस, आणि सोबत बसून ऐकणाऱ्या भावोजींस,
सगुणचा आशीर्वाद आणि नमस्कार, ज्याचा त्याने घ्यावा.

देव सापडला. भावोजींचा अंदाज साफ चुकला. आम्ही मोरजीच्या बाजूला दोन दिवस फुकट घालवले. पुनवेच्या मोठ्या ओहोटीला वाडीवरची शेवंती तिसऱ्यांचे शिंपले काढायला वरच्या अंगाला चिखलात उतरली होती. तिच्या पायाला खांदा लागला. तिला वाटलं, बुडालेलं पोर. ती किंचाळली ती पलीकडे शिवोलीच्या फेरीबोटीपर्यंत ऐकू गेली. मग तिने वाकून पाहिलं, पदराने त्याचं तोंड पुसलं आणि टोपलीत तिसऱ्यांवर निजवून आणलं. काथ्या तुटला होता, गाठ तशीच होती.

हात मात्र मिळाला नाही. त्याचा दगड चांगला बसला असणार.

रंग सगळा गेला आहे. पूर्वी कोणीतरी थरावर थर दिले होते, रक्तसुद्धा भडक. पाण्याने ते सगळं काढून टाकलं. आत फणसाचं लाकूड आहे, रेषा दिसतात, बरगड्यांवरून आडव्या जातात. कुशीला बारीक शिंपले धरले होते. मी रंगाच्या वाट्या मांडल्या आणि शिंपले खरवडायला पटाशी घेतली. मावशीने हात धरला. म्हणाली, नदीने केलं ते राहू दे, तुझं करून झालं. नवा डावा हात करून देतो म्हटलं, तर म्हणाली, पावलूला तू नवे पाय केलेस?

गुड फ्रायडेला पाद्रींनी मला बोलावलं. पायाचं लाकूड पोकळ झालेलं, खिळे हलक्या हाताने काढायला माणूस हवा होता. मी अनवाणी आत गेलो. खिळे काढले. एकच हात होता, तो मिटवला. दुसऱ्या बाजूला मिटवायला काही नव्हतं, तिथे मावशीने आपला तळवा ठेवला, पावलूच्या पाठीखाली ठेवत असणार तसा, आणि त्याला अंगावर घेतलं. बायका रडत होत्या. ती रडत नव्हती. तिच्या तोंडावर जे होतं ते मी कुठल्याही मूर्तीला अजून देऊ शकलेलो नाही. मी शब्द जपून वापरतो, तेव्हा सुंदर म्हणणार नाही. पण घरी येऊन मी वाट्यांतला रंग ओतून दिला.

भावोजी, मागे मी जे लिहिलं ते वाचलेलं होतं, पाहिलेलं नव्हतं. ते परत घेतो. माझ्याकडून एवढंच, तुम्ही याहून जास्त मागू नये.

नवी मूर्ती चित्रशाळेत आहे. गिऱ्हाइकं विचारतात, लक्ष्मी पाहुणा म्हणून सांगते. पोदेर काल थांबला.

मे महिन्यात लदाईन आहे, क्रुसापाशी गाणं आणि चणे. दोघंही या.

सगुणभाई

कारापूर
७ जून १९८७

ती. सगुणभाईंस,
कृष्णनाथचा डाव्या हाताचा सा. न. अक्षर लागत नसेल तर देवकीला विचारू नका, तिलाही लागत नाही.

चोपड्याहून सुखरूप पोचलो. गोवा राज्य झालं, इथे फटाके वाजले. माझं घुमट दिलं नाही कुणाला. मांडीत धरून डाव्या हाताने वाजवलं. वाईट वाजलं. पण वाजलं.

लदाईन संपल्यावर तुम्ही चणे खात होता, तेव्हा मी कपेलात बसलो होतो. रुझारिनमावशी शेजारी येऊन बसली. हात दुखतो का, विचारलं. मी म्हटलं, नसलेलाच दुखतो, रात्री बोटं आखडतात, डॉक्टरला सांगितलं तर तो हसतो. ती हसली नाही. समोर बोट करून म्हणाली, त्याला सांग, त्याचाही तसाच दुखत असणार. मी म्हटलं, मी हिंदू. ती म्हणाली, त्याने विचारलं का तुला?

मी सांगितलं. बराच वेळ सांगत होतो. तो ऐकून घेतो. बरा झालो असं मी म्हणणार नाही, हात अजून दुखतो. पण आता दोघांचा दुखतो.

काल भटजी आले होते. चवथीच्या पूजेला मीच बसणार, असं त्यांना सांगितलं. उजव्या हाताचं काय, म्हणाले. मी म्हटलं, तुमच्याकडे असेल तर आणून द्या, नाहीतर डाव्याने करतो. दादा उठून गेला. भटजी थोडा वेळ सुपारी कातरत बसले आणि मग फुलं कुठल्या अंगाला ठेवायची ते विचारून घेतलं.

तर आमचा गणपती नेहमीएवढाच करा. मी उचलू शकणार नाही म्हणून लहान कराल, तुमचा स्वभाव मला ठाऊक आहे. न्यायला मी आणि देवकी येतो. आम्हां दोघांचे मिळून तीन हात आहेत. चार त्याचे स्वतःचे.

तुमचा लोभ मी गृहीत धरला आहे.

कृष्णनाथ