थिसिसबाईने मला निवडलं

४ जून
शेतकी कॉलेजातली एक पोरगी आली. बायकांना शेतीतलं नवं कसं शिकवावं, यावर थिसिस लिहितेय. नखांत मातीचा कण नाही. नाव ठेवलं थिसिसबाई. आमच्या गटातल्या निम्म्या बायकांना टोमॅटोचं ट्रेनिंग देणार. मला नाही. बरोबर आहे, माशाच्या पिलाला कोण पोहायला शिकवतं? पीक हाती आलं की बाकीच्यांना शिकवायला गट एकीला नेमणार. ती मीच.

९ जून
धाकट्या जावेला ट्रेनिंग. फोनवर टोमॅटोचे व्हिडिओ बघतात म्हणे. टोमॅटो काय सिनेमात काम करतात?

२१ जून
थिसिसबाई माझ्याकडे. एक अक्षर शिकवलं नाही, नुसतं विचारत बसली. पाणी किती, फवारणी कधी, सल्ला कुणाचा. म्हटलं, सल्ला लोक माझा घेतात. लिहून घेतलं. हे होते तेव्हा मी बोलायचे आणि हे घोरायचे. पोरगी निदान जागी राहते. सातवी पास बाईकडून कॉलेज शिकतंय.

१२ जुलै
धाकटी रोपांना काठ्या बांधते, बुडाशी वाळलं गवत अंथरते. म्हटलं, उशी राहिली गं. तर म्हणे, ताई, पानं मातीला टेकली की रोग चढतो. आली मोठी.

२ ऑगस्ट
माझ्या झाडांची खालची पानं पिवळी. वरची टवटवीत. मी वरचीच बघते. थिसिसबाईने फोटो काढले. मी बांधावर हसत उभी राहिले. धाकटीकडे एवढे काढले नव्हते. जळू दे.

३० ऑगस्ट
गटाची मीटिंग. पहिल्या खुर्चीत मी. प्रोजेक्टर लावला, भिंतभर माझं शेत. सगळ्यांच्या आधी मीच टाळ्या वाजवल्या. मग थिसिसबाई म्हणाली, शिकवलं नाही तर काय होतं हे कळावं म्हणून काहीजणींना मुद्दाम शिकवलं नव्हतं, हे त्यातलं शेत. पुढचा फोटो धाकटीचा. झाडं कमरेएवढी, टोमॅटो लालबुंद. माझे हात अजून वरच होते, ते केसांकडे नेले. माझं नाव थिसिसबाईने सांगितलं नाही, नियम आहे म्हणे. बांधावर दात काढून मीच उभी, नाव कशाला हवंय? गटाने धाकटीला नेमलं.

६ सप्टेंबर
राहिलेल्यांचं ट्रेनिंग. शिकवायला धाकटी. चुका काढायला म्हणून गेले, अगदी शेवटच्या रांगेत बसले. काठीला रोप बांधायची गाठ तिने दाखवली. विचारलं, ताई, समजलं का? म्हटलं, मला आधीपासून येतं. म्हणाली, मग दाखवा करून. म्हटलं, तूच कर अजून एकदा, माझ्या मागच्यांना दिसलं नाही.
माझ्या मागे भिंत होती. तिने हळूहळू करून दाखवलं.